ताऱ्याखालची ओळ

"तुमच्या खांद्यावरून वाचतोय, माफ करा. पण तुम्ही स्वतः वाचतच नव्हता... म्हटलं, कुणीतरी वाचावं."

हिंजवडीहून कर्वेनगरला जाणारी कंपनीची बस नेहमीसारखी जागच्या जागी उभी होती. मी रागानेच शेजारी पाहिलं. चष्मा, दुमडलेल्या बाह्या, आणि शर्टाच्या खिशात चक्क स्टीलची पट्टी.

माझ्या मांडीवर आईच्या आरोग्य विम्याची पॉलिसी होती. फोनवर जाहिरात पाहून घेतलेली — 'रोज फक्त पंधरा रुपये, तपासणी नाही, पहिल्या दिवसापासून सगळं कव्हर.' यवतमाळला आई एकटी. तिला काही झालं तर दवाखान्याच्या दारात हात पसरावे लागू नयेत, एवढंच मला हवं होतं.

"'सगळं' या शब्दावर एक छोटा तारा आहे," तो म्हणाला. "ताऱ्याखाली काय लिहिलंय?"

"तुम्ही एजंट आहात का?"

"एजंट असतो तर तुम्हाला पहिलं पानच दाखवलं असतं."

हसू आलं, ते मी दाबलं. त्याने पॉलिसी मागून घेतली, ओळीखाली पट्टी ठेवली आणि वाचायला लागला. मला वाटलं, दोन पानांत कंटाळेल. चांदणी चौक आला तेव्हा तो एकोणिसाव्या पानावर होता. बाहेर हॉर्नचा नुसता कल्लोळ, आणि हा माणूस मुंगीएवढ्या अक्षरांसमोर देवळात बसल्यासारखा शांत. मी बघतच राहिले.

"आधीपासूनचा आजार असेल तर तीन वर्षं काही मिळणार नाही. लपवला असेल तर क्लेमच नाकारतील. आईंना काही आहे का?"

"नाही." मग मलाच ते गिळता येईना. "म्हणजे... शुगर आहे. बारा वर्षांपासून."

"आणि फॉर्मवर?"

"फॉर्मवर नाही म्हटलंय."

आमच्या घरी तो शब्द कुणी उच्चारतच नसे. पोरीला बघायला येणाऱ्यांना कळलं तर सोयरीक जुळणार नाही, या धास्तीने आई गोळ्यासुद्धा तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवायची. मला सवयच लागली होती. फॉर्म भरतानाही हात आपोआप 'नाही'वर गेला.

तो हसला नाही, उपदेशही केला नाही. "पॉलिसी हातात येऊन किती दिवस झाले?"

"अठरा."

"तीस दिवसांत परत करता येते. बारा उरलेत... पुष्कळ झाले."

त्याचं नाव आमोद. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या सीटवर त्याची बॅग असायची, मी दिसले की ती उचलायची. आम्ही तीन कंपन्यांच्या अटी वाचल्या. तो वाचायचा, मी ऐकायचे — आणि कधीकधी ऐकायचं सोडून नुसती बघायचे.

"तुम्हाला कंटाळा येत नाही?"

"बाबांचा क्लेम एका ओळीसाठी नाकारला. ती ओळ घरात कुणी वाचली नव्हती." त्याने पान उलटलं. "तेव्हापासून नाही येत."

मध्येच जाहिरातवाल्यांचा फोन आला. मॅडम, ऑफर आज संपते. आमोदने फोन घेतला. "संपू द्या," म्हणाला, आणि ठेवला.

शेवटी एक पॉलिसी सापडली. हप्ता थोडा जास्त, पण मला झेपणारा. शुगरसाठी एक वर्ष थांबायचं, आणि ते पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. आता फक्त आईने खरं सांगायला हवं होतं. ती हो म्हणेपर्यंत जुनी परत करायची माझी हिंमत होत नव्हती, आणि एकोणतिसावा दिवस उजाडला होता.

कर्वेनगरच्या स्टॉपवर आमोदशेजारी बाकावर बसून मी आईला फोन लावला, स्पीकरवर.

"काकू, मी आमोद, पूर्णिमाच्या बसमधला. नव्या विम्याचा फॉर्म भरतोय. तुम्हाला शुगर आहे का?"

मी फोन जवळ ओढला.

"आई, खरं सांग," मी म्हणाले. "तुझ्यासाठीच आहे हे."

"...हाय. शुगर हाय मले. बारा वर्सं झाली."

आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून तो शब्द ऐकला. माझे डोळे भरून आले. आमोदने पट्टी धरून सावकाश 'हो' लिहिलं.

"पन कोनाले सांगू नका बाप्पा," आई म्हणाली. "माह्या पोरीचं लगन जुळाचं हाय अजून. समजलं त पोरगं नाही म्हनन."

त्याचं पेन थांबलं. कान लाल झाले.

"काकू... ज्या पोराला कळायला नको होतं ना, त्याला पहिल्याच दिवशी कळलंय."

"मंग?"

"त्याची काही हरकत नाही."

मग आई हळूच म्हणाली, "पूर्णिमा... जेवला काय तो?" आणि उत्तराची वाट न पाहता तिने फोन ठेवला.

आमोद अजून कागदाकडेच बघत होता. "आणि तुमची?"

"माझी काय?"

"हरकत."

मी त्याच्या हातातलं पेन घेतलं, पट्टीही घेतली. जुन्या पॉलिसीच्या शेवटच्या पानावर, अगदी मोठ्या अक्षरांत, 'नाही' लिहिलं. त्याने ते दोनदा वाचलं.

मग तिथेच बसून मी पॉलिसी परत करत असल्याची मेल पाठवली. एक दिवस अजून शिल्लक होता.