चार-दोन-एक-सात

“अहो, शेवटचा आकडा तीन होता की आठ?”

रेल्वेच्या पादचारी पुलावर कठड्याला टेकून मी डबा खात होते. खालून एक मालगाडी नुकतीच धडधडत गेली होती आणि शेजारी एक उंच माणूस उघडी वही घेऊन, पेन्सिल हवेतच धरून उभा होता.

“कशाचा आकडा?”

“इंजिनाचा. तुमचं तोंड तिकडेच होतं… तुम्ही पाहिला असणार.”

“मी भाजीकडे बघत होते.”

“एवढं मोठं इंजिन गेलं आणि तुम्ही भाजीकडे बघत होता?” तो इतका मनापासून दुखावला की मला हसूच आवरेना. आज ते हसू आठवलं की मी डबा तसाच मिटते.

तो पाणीखात्यात होता. दिवसभर घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे आणि जेवणाच्या सुट्टीत पुलावर येऊन इंजिनांचे नंबर टिपायचे!

“आकड्यांचा कंटाळा नाही येत तुम्हाला?” मी विचारलं.

“मीटर तेच असतात हो, त्याच भिंतीवर. इंजिन कुठलं येईल ते मात्र… देवालाच ठाऊक.”

या छंदाला एक नियम होता, वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेला. नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचला तरच वहीत खूण करायची. दुसऱ्याने सांगितलेला चालत नाही.

“मग मला कशाला विचारलंत?”

तो कानापर्यंत लाल झाला. “आजवर कोणाला विचारलं नव्हतं.”

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासते. ज्याला तीन आणि आठ सारखे दिसतात, त्याला सोडून देणं माझ्या रक्तात नाही. “उद्या दुकानात या. डोळे तपासून घेऊ. बरे निघाले तर चहा तुमच्याकडून.”

“आणि वाईट निघाले तर?”

“तरी तुमच्याकडूनच.”

वाईट निघाले. दुकानातून मोठ्या डॉक्टरांकडे, तिथून आणखी मोठ्या डॉक्टरांकडे. नजरेचा मधला भाग हळूहळू धूसर होत जाणार होता, कडेकडेचं तेवढं दिसत राहणार होतं. चष्म्याने भागणारं ते दुखणंच नव्हतं. इतकी वर्षं या धंद्यात काढून मी त्याला एक भिंगही देऊ शकले नाही.

पण चहा झाला. मग रोज झाला. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. आई वैतागायची, “त्या पुलावर ठेवलंय तरी काय एवढं?” मी म्हणायचे, वारा.

तो माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघायचा.

“काय आहे रे माझ्या कानात?” एकदा मी विचारलंच.

“कानाकडे बघितलं की चेहरा दिसतो,” तो म्हणाला. “चेहऱ्याकडे बघितलं की… काहीच नाही. म्हणून बघतो कानाकडे. तुला नको असेल तर…”

“बघ,” मी म्हणाले, “हवं तेवढं बघ.” आणि त्या दिवसापासून मी केस कानामागे बांधायला लागले.

पुढे नंबर मी वाचायचे आणि तो नुसता ऐकायचा. खूण करायचा नाही. मग एका दुपारी त्याने वहीचं पहिलं पान उघडलं, नियमाखाली मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत एक ओळ लिहिली आणि वही माझ्यापुढे धरली. ‘हिचे डोळे चालतील.’

कोणी कोणाला यापेक्षा सुंदर काही लिहून दिलं असेल, असं मला वाटत नाही. मी जिन्यात जाऊन रडून आले आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं.

चाळीस जुन्या इंजिनांची एक मालिका त्याला पुरी करायची होती. एकोणचाळीस झाली होती. एक राहिलं होतं… चार-दोन-एक-सात. आठ वर्षं तो त्याची वाट बघत होता.

नंतर त्याचं मीटर वाचणं बंद झालं. आकडे चुकायला लागले म्हणून खात्याने त्याला फोन उचलायला आत बसवलं. त्या दिवशी तो पुलावर आला तो काहीतरी हरवून आल्यासारखा. पाऊस भुरभुरत होता. वही त्याने उघडलीच नाही.

“आता पुरे,” तो म्हणाला. “नाही येणार मी उद्यापासून. काय राहिलंय इथे?”

मी राहिले होते ना! पण ते तोंडातून निघेना. पुलाखाली गाडीचा आवाज वाढला, दूर वळणावर इंजिन दिसलं आणि मला एकच भीती वाटली. आज हा गेला तर परत यायचा नाही.

“अरे थांब!” मी ओरडले. “चार… दोन… एक… सात!”

त्याने माझे दोन्ही हात घट्ट धरले. तो हसत होता, पावसात भिजत माझ्या कानाकडे बघत हसत होता, आणि वही उघडून त्याने खूण केली. गेलेल्या इंजिनाचा नंबर भलताच होता. मी गप्प बसले.

दीड महिना आम्ही फार सुखात होतो. त्या सुखाची मला रोज धास्ती वाटायची.

मग गार्डकाका परतले. रेल्वेतून निवृत्त झालेले, त्याचे पुलावरचे जुने सोबती, सहा महिने लेकीकडे राहून आले होते. येताना त्यांनी जड पुडकं आणलं.

“तुझ्यासाठी जपून ठेवलंय रे. हात लाव.”

पितळी पाटी होती. त्याने उठावाच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. चार. दोन. एक. सात.

“ही… कुठे मिळाली?”

“लेकीच्या गावच्या कारखान्यात इंजिन तोडलं ना, चार महिने झाले. तुला ते काही दिसलं नाही, म्हटलं निदान पाटी तरी…” काका बोलता बोलता थांबले. आमचे चेहरे बघून त्यांना काय ते उमगलं असावं.

तो माझ्याकडे वळला. कानाकडे नाही, थेट समोर, जिथे त्याला काहीच दिसत नव्हतं.

“खोटं होतं?”

“हो.”

“अजून किती?”

“एकच रे. शप्पथ, एकच. तू वही बंद करायला निघाला होतास… तू आला नसतास तर मी काय केलं असतं? माझं प्रेम आहे तुझ्यावर. वेड्यासारखं.”

 खालून एक लोकल गेली, कोणीच तिच्याकडे बघितलं नाही.

“असेल,” तो हळूच म्हणाला. “पण तू सांगतेस ते आता मी तपासू कसं? माझ्याकडे तुझ्याशिवाय दुसरं काही नव्हतं बघायला.”

मग त्याने वहीचं पहिलं पान उघडलं, चाचपत ती ओळ शोधली आणि खोडली. एकदाच, सावकाश. जिना उतरायची वेळ झाली तेव्हा मी सवयीने खांदा पुढे केला. त्याने हात लांबवला आणि काकांचा दंड धरला.

अजून मी डबा घेऊन पुलावर जाते, पण दुसऱ्या टोकाला उभी राहते. काका नंबर वाचतात, तो खुणा करतो. वही चालू आहे. मला हवं होतं ते झालं म्हणायचं, फक्त मला वगळून.

काल त्याने मान तिरकी करून माझ्या दिशेला बघितलं.

“काका, तिकडे कोण उभं आहे? रोज असतं कोणीतरी.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

“कोणी नाही रे,” काका म्हणाले. “जिना चढून दमलेली बाई आहे कोणी.”

“असं होय,” तो म्हणाला. त्याला ते पटलं, आणि तो पुढच्या गाडीकडे वळला.