टेपचं दुसरं टोक

तुमचा विश्वास बसला नाही तरी माझी तक्रार नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो. पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

आणि हे रात्री-बेरात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलं, आमच्या गॅरेजात. शटर अर्धं उघडं होतं. बाहेर शेजारी गाडी धूत होता.

माझी बायको जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. ती ज्या खोलीत गेली, तिथे आमची बारकी झोपायला तयार नव्हती. नऊ वर्षांची पोर, ओट्याजवळ अंथरूण टाकायची. शेवटी माझी मेहुणी आली.

"भाऊजी, पोरीचे हाल बघवत नाहीत. मी घेऊन जाते तिला."

"गॅरेजची खोली करतोय तिच्यासाठी. वर पलंग, खाली अभ्यासाचं टेबल."

"तुम्ही करणार? तुम्हाला खिळा ठोकायला सांगितला की भिंत पडते, असं ताई म्हणायची."

"म्हणायची खरी."

मेहुणी हसली. मग डोळे पुसत बसली. जाताना म्हणाली, "पुढच्या रविवारी येते. पलंगाला कठडा नसेल तर पोर माझ्याबरोबर येईल. वरून पडली तर ताईला मी काय तोंड दाखवू?"

बारकी गेली असती तर मी कुणासाठी घरी यायचं?

पलंगाचा बेत बायकोचाच. ती शिवणकाम करायची. कपडे बेतायच्या खाकी कागदावर तिने तो काढून ठेवला होता. घरातली सगळी सुतारकामं आम्ही दोघं मिळून करायचो. टेपची डबी माझ्या हातात, दुसरं टोक तिच्या. मी विचारायचो, "धरलंस का?" तिच्या दातांत पेन्सिल असायची, म्हणून ती बोलायची नाही. टेपला झटके द्यायची.

दोन झटके म्हणजे धरलंय. तीन म्हणजे चुकलंय, पुन्हा मोज.

ही खूण आम्हा दोघांतली. बारकीला भुशाने शिंका यायच्या, म्हणून कामाच्या वेळी आम्ही तिला आत येऊ द्यायचो नाही.

त्या दुपारी मी एकटाच मोजत होतो. टेपची आकडी लाकडाला अडकवायची, मागे सरकायचं... की निसटली. पुन्हा अडकवली, पुन्हा निसटली. चौथ्या वेळी सवयीने तोंडातून गेलं, "धरलंस का?"

टेप ताणली गेली.

मग... दोन झटके.

मी मान वर केली नाही. पाहिलं तर सुटेल, असं वाटलं. खूण केली आणि पलंगाचा पहिला पाय कापला.

चारही पाय मी एकाच मापाचे धरले होते. तिसऱ्याला टेप लावली, आणि...

तीन झटके.

मी तिचा कागद उघडला. तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'दाराकडचे पाय दोन बोटं लांब.' पाणी बाहेर जावं म्हणून गॅरेजची जमीन दाराकडे उतरती असते. मी ते वाचलंच नव्हतं.

चार दिवसांत पलंग उभा राहिला. शिडी झाली. उरला फक्त कठडा.

इथे मी चुकीचं वागलो.

काम संपलं की बायको जाईल, हे मला कळत होतं. म्हणून मी मोजतच राहिलो. मोजलेलंच पुन्हा मोजलं. खिडकी मोजली, दार मोजलं. दर वेळी दोन झटके. कामावर गेलो नाही. बारकी बाहेरून विचारायची, "बाबा, झालं का?"

"होतंय."

शुक्रवारी ती दारात आली आणि म्हणाली, "मावशीकडे न्यायची पिशवी मी भरलीय. तुम्ही नका दमू."

ती गेल्यावर मी परत खिडकीला टेप लावली. "धरलंस का?"

काहीच नाही.

पुन्हा विचारलं. टेप सैल लोंबत राहिली...

फुकटची मापं काढायला लावणारं गिऱ्हाईक बायकोला कधीच खपायचं नाही.

मी कठड्याची फळी घेतली. पलंगाच्या कडेला टेप लावली. विचारायचा धीर होईना. तरी विचारलं.

दोन झटके. पण सावकाश. एक... आणि मग दुसरा.

फळी कापली. स्क्रू पिळले. शेवटचा स्क्रू बसल्यावर टेप पुन्हा लावून विचारलं. आकडी निसटली आणि खणकन जमिनीवर पडली. मी तिथेच भुशात बसून राहिलो.

रविवारी मेहुणीने कठडा दोन्ही हातांनी हलवून पाहिला. तो हलला नाही.

"ताईचा हात लागल्यासारखा झालाय," ती म्हणाली.

बारकी आत जाऊन पिशवी रिकामी करायला लागली.

याला सात महिने झाले. टेप मी बारकीच्या टेबलाच्या खणात टाकली. अधूनमधून लावून पाहतो. निसटते.

गेल्या मंगळवारी दुपारी मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो. गॅरेजातून टेप सरकल्याचा आवाज आला. बारकी वर पलंगावर होती, एकटी. आपण किती उंच झोपतो ते पाहायला कठड्यावरून टेप खाली सोडत असावी.

मग तिचा आवाज आला, अगदी सहज...

"धरलंस का?"

मी नळ बंद केला.

"तीन? बरं, पुन्हा मोजते."

मी ओल्या हातांनी दारापर्यंत गेलो. आत डोकावलो नाही. तिला अजून काही विचारलेलंही नाही.

फक्त दुपारी भांडी घासताना मी मध्येच नळ बंद करतो, आणि ऐकत उभा राहतो.