धुकासुर आणि पाच कमानींचा पूल

“थांब! फासा टाकू नकोस!” संयोगिता ओरडली.

धुकासुर गडापासून दोनच घरं लांब होता. राजवर्धनचा वाटाड्या दलदलीत रुतला होता आणि सोमेशच्या वैद्यिणीकडं औषधाची एकच मुळी उरली होती.

“मुळी राजवर्धनला दिली तर मी संपलो,” सोमेश म्हणाला.

“पण गड वाचतो की!”

“मग घे बाबा! मी मेलो!”

मंगळवार पेठेत रत्नव्वामावशीच्या माडीवर २००२ सालच्या मे महिन्यात रोज दुपारी हेच चालायचं. खेळ त्यांनी स्वतःच बनवला होता. पुण्याच्या मावसभावाकडं राजवर्धननं एक परदेशी खेळ पाहिला होता. त्यात सगळे भिडू एकाच बाजूला! कुणावर राज्य नाही, गोष्ट सांगणारा कुणी पंच नाही. पत्ता उचलायचा, त्यावर येईल त्या संकटातून सगळ्यांनी मिळून वाट काढायची आणि गोष्ट पुढं न्यायची. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे.

तसाच खेळ मराठीत करायचं चौघांनी ठरवलं. नियम राजवर्धननं केले, गोष्टी संयोगितानं लिहिल्या, चित्रं सोमेशनं काढली. हुपरीला चांदीकाम करणाऱ्या वडिलांशेजारी बसून पैंजणांची नक्षी रेखाटणारा त्याचा हात केसाएवढी बारीक रेघ ओढायचा. ‘धुकासुर’ हे नाव त्याच्या धाकट्या बहिणीचं, रक्षिताचं. सुट्टीत ही दोघं मावशीकडं, म्हणजे संयोगिताच्या घरी, राहायला आली होती.

तेवढ्यात जिना धडधडला. भडंग आणायला गेलेली रक्षिता धापा टाकत वर आली.

“आधी भडंग दे!” सोमेशनं हात पुढं केला.

“भडंग राहू दे! हा कागद बघ!”

तिनं पुडी पटावरच उलटी केली. कुरमुरे दलदलीत सांडले. तेलकट कागदावर छापलेला होता धुकासुर! तेच तीन डोळे, तोच फाटका कान. सोमेशनं चुकून काढलेलं सहावं बोटसुद्धा!

“हे... हे माझं चित्र आहे,” सोमेश कसाबसा म्हणाला.

“आणि ते कुठंतरी छापलं जातंय!” संयोगिता उठलीच. “चला!”

चौघं धावत कोपऱ्यावरच्या भडंगवाल्याकडं गेले.

“रद्दी व्हय?” तो हसला. “धा छापखान्यांची येती की बाळा! कुठला कागद कुणाचा, मला काय ठावं?”

 माडीवर आल्यावर संयोगितानं खेळाच्या डब्याकडं पाहिलं, मग राजवर्धनकडं.

“गेला आठवडाभर डबा रात्री तुझ्या घरी असायचा.”

“मग?”

“मग काही नाही. सांगतेय.”

“मी चोर वाटतो तुम्हाला?” राजवर्धनचा चेहरा लाल झाला. त्यानं सोमेशकडं पाहिलं. सोमेशनं मान खाली घातली. राजवर्धन ताडताड जिना उतरून गेला.

दोन दिवस खेळ बंद! सोमेशनं सगळे चौसष्ट पत्ते तीनदा मोजले. संयोगितानं गोष्टींची वही गादीखाली लपवली आणि रक्षिता जवळ आली की ती गादीवरच बसायला लागली. एकमेकांकडं बघायचीसुद्धा चोरी झाली होती.

तिसऱ्या दिवशी राजवर्धन आला. बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, “आपल्याशिवाय तिघांनी डबा हाताळलाय. केरबामामांनी त्यांच्या झेरॉक्सच्या दुकानात पत्त्यांना प्लॅस्टिक लावून दिलं. चित्रकलेच्या शिवमूर्ती सरांनी चित्रं बघायला दोन दिवस नेला. आणि...” तो अडखळला. “आणि माझे हंबीरकाका. त्यांचं खेळण्यांचं दुकान आहे.”

“राजा, काका तुझ्या घरचे—” संयोगिता म्हणू लागली.

“म्हणून तर! त्यांनापण तपासायचं. नाहीतर तुम्ही आयुष्यभर माझ्याकडं असंच बघणार.”

मग त्यानं बेत सांगितला. पुलाचा एक नवा, खोटा पत्ता करायचा. ‘पुलाच्या कमानी मोजा. तितकी घरं मागं जा.’ मात्र तिघांना तीन वेगळे पत्ते. केरबामामांच्या पुलाला तीन कमानी, सरांच्या पुलाला चार, काकांच्या पुलाला पाच. छापून येईल त्या पुलाच्या कमानी मोजल्या की चोर सापडला!

“पण पटावर पूल सुरुवातीपासून दोन नंबरच्या घरात आहे,” रक्षिता म्हणाली. “तीन घरं मागं गेलं तरी पटाच्या बाहेर!”

“तेच तर! खेळ ज्यानं केलाय त्यालाच हे कळेल. चोरणाऱ्याला नाही!”

संध्याकाळी चौघं ‘हा नवा पत्ता बघा’ म्हणत तिघांकडं जाऊन आले. केरबामामांनी मुलांना पाहताच काहीतरी गल्ल्याखाली सरकवलं. शिवमूर्ती सरांनी दोनदा विचारलं, “अजून पत्ते आहेत का रे?” हंबीरकाकांनी तर मान वर केली नाही. “ठेव तिथं. पोरखेळ नुसता!”

तिघंही संशयास्पद! आता करायचं काय? भडंग खायचं! सकाळी भडंग, संध्याकाळी भडंग, एक पुडी झाली की दुसरी. कागदांवर लग्नपत्रिका निघाल्या, शाळेच्या प्रश्नपत्रिका निघाल्या. चौथ्या दिवशी सोमेशचं पोट बिघडलं आणि रत्नव्वामावशीनं त्याला दिवसभर ताक-भातावर ठेवलं.

पाचव्या दिवशी राजवर्धननं पुडी उलगडली. कागदावर पूल होता. त्यानं बोट ठेवून कमानी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

“पाच,” तो म्हणाला.

 संयोगिता म्हणाली, “राजा, त्या दिवशी मी तुला—”

“ते नंतर. रविवारी सकाळी पुण्याहून पाहुणे येतायत. खेळणी बनवणारे आहेत. काका त्यांना ‘माझा नवा खेळ’ दाखवणार आहेत.”

रविवारी राजवर्धनच्या घरी आजोबा गणपतराव खुर्चीत बसले होते. पुण्याचे पाहुणे प्रभुलिंग साहेब सोफ्यावर होते आणि टेबलावर एक कोरा करकरीत डबा. झाकणावर सोमेशचा धुकासुर आणि खाली ठळक अक्षरं – ‘निर्माता : हंबीरराव’. ते वाचून सोमेशनं मूळ चित्रांची वही छातीशी घट्ट धरली.

“काका, पाहुण्यांना एक डाव खेळून दाखवा की!” राजवर्धन म्हणाला. “आम्ही भिडू होतो.”

“वा! खेळल्याशिवाय काय कळणार?” साहेब सरसावून बसले. काकांना नाही म्हणता येईना.

“राज्य कुणावर?” संयोगितानं भोळेपणानं विचारलं.

“आं? पाहुण्यांवर! आणि राक्षसाला जो मारील तो पहिला!”

रक्षितानं तोंडावर हात दाबला. काकांनी फासा टाकला. दोन! सोंगटी पुलावर आली आणि त्यांनी पुलाचा पत्ता उचलला. “कमानी मोजा. तितकी घरं मागं जा. पाच कमानी... एक, दोन...” सोंगटी पटावरून उतरून साहेबांच्या कपबशीला टेकली.

“आता?” साहेबांनी विचारलं.

“आता... आता सोंगटी बाद!”

“बाद नाही काका,” राजवर्धनचा आवाज कापत होता, पण तो थांबला नाही. “हा पत्ता खेळात नाहीच. चोर शोधायला आम्ही तो मुद्दाम चुकीचा केला. पाच कमानींचा फक्त तुम्हाला दिला होता.”

संयोगितानं टेबलावर भडंगाचे दोन्ही तेलकट कागद ठेवले. सोमेशनं त्याच्या शेजारी मूळ चित्रांची वही उघडली.

“अहो, पोरांचा खेळ!” काका हसायला गेले. “सुट्टी संपली की विसरतात. कोण विचारतंय?”

“हंबीर!” आजोबा कडाडले. “तू तरी विचारलंस का त्यास्नी?”

काका पटावरच्या सोंगट्या गोळा करू लागले.

“विचारलं असतंत तर दिला असता, काका,” राजवर्धन हळूच म्हणाला. काकांची मान खाली गेली ती वर येईना.

साहेबांनी छापील डबा बाजूला सारला. “मुलांनो, तुमचा डबा काढा. मी पण तुमच्यात!” अर्ध्या तासानं वैद्यिणीनं शेवटची मुळी साहेबांच्या धनुर्धराला दिली, त्यानं धुकासुराला रोखलं आणि साहेबांसकट सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं. चहा तसाच गार झाला होता.

“छापायचा तर या चौघांच्या नावानं,” साहेब उठताना म्हणाले. “हंबीरराव, ही मुलं हुशार आहेतच. पण सरळही आहेत.”

आजोबांनी राजवर्धनला जवळ घेतलं. “चोर परका असता तर कुणीबी बोट दाखवलं असतं. घरच्या माणसासमोर बोलायला छाती लागती, लेकरा!”

जिन्यात संयोगितानं त्याला गाठलं. “राजा, मी चुकले.”

“सगळेच चुकलो. तू जरा जास्त!” तो म्हणाला आणि दोघंही हसले.

केरबामामांनी गल्ल्याखाली सरकवला होता तो पेढ्यांचा पुडा, हे पुढं कळलं. डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलं होतं! आणि शिवमूर्ती सरांना खरोखरच अजून पत्ते बघायचे होते.

हंबीरकाकांनी शंभर झाकणं छापून घेतली होती. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी ते डिंकाची वाटी घेऊन बसले. आपल्या नावावर त्यांनी पहिली चिठ्ठी चिकटवली – ‘निर्माते : संयोगिता, सोमेश, रक्षिता, राजवर्धन’ – आणि झाकण पुतण्यापुढं धरलं.

राजवर्धननं ते डोळ्यांसमोर धरून नीट पाहिलं.

“तिरकी लागलीय, काका. काढा, परत लावा!”