चोरस्विच

चावी काढून ये आधी, स्वप्नील. मग बस. काय म्हणतोस, नजरेसमोर तर उभी आहे? अरे बाबा, नजरेसमोरूनच जाते गाडी. जिनिंगचा वजनकाटा पहाटेशिवाय उघडत नाही. तोवर तुझ्या कापसाला कुत्रं विचारणार नाही, पण चावी लटकलेल्या पिकअपला अंधारातून गिऱ्हाईक येतं. जा... काढलीस? हां. अतिक, तू दात काय काढतोस? तुझी पण काढून आण.

आता सरका जवळ. शेकोटीत कापसाच्या दोन पऱ्हाट्या घाला. सांगतो ते माझ्या गावच्या नवलचं. खोटं वाटलं तर त्यालाच विचारा, पण दिवसा विचारा. रात्री तो हे तोंडातून काढत नाही.

गेल्या सालची चंपाषष्ठी. नवल सकाळीच मोटारसायकलला बॅटरी बांधून धरणगावला गेला, चार्ज करून आणायला. येताना भरताची वांगी घेतली. घरात सण नव्हता, थोरल्या भावाला जाऊन दोनच महिने झाले होते. पण खंडेरावाचा नैवेद्य चुकवायचा नाही, असं त्याची माय प्रमिलाबाई म्हणाली होती. दुपारी त्याने बॅटरी पिकअपला जोडली. वायरमन दुसऱ्या दिवशी येणार होता. आज येतो, उद्या येतो करत त्या माणसाने दोन महिने काढले होते.

वायरमन कशाला, ते ऐका. पिकअप थोरल्या भावाची, पुनाची. गाडीवर जीव असा, की त्याची बायको कोकिळा म्हणायची, माझ्यापेक्षा सवतीचेच लाड जास्त. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर फॅनबेल्टमध्ये गेलेलं, तरी गडी गाडी चालवायचा लोण्यासारखी. नवललाही त्यानेच शिकवली. गिअरवर नवलचा हात, त्यावर पुनाचा. "क्लच पूर्ण दाब. पाय आधी, हात मागून." चुकला की टपली.

पण नवलकडून एकदा घोळ झाला. सेल्फ कमजोर होता, बंद केली तर धक्का मारावा लागेल, म्हणून पठ्ठ्याने धाब्यावर गाडी चालूच ठेवली आणि चहाला बसला. तुम्ही बठ्ठे, एकजात सगळे, तेच करता, माहीत आहे मला. चहा संपेपर्यंत गाडी गायब. सापडली चौथ्या दिवशी पारोळ्याकडे, टायर नाहीत, बॅटरी नाही, चावीही चोरांबरोबर गेली. घरात उरली एकच चावी.

दुधाने पोळलेला माणूस. पुनाने चोरस्विच बसवून घेतला. एक बारकं बटण, डॅशबोर्डच्या पोटात कुठेतरी. ते बंद असलं की सेल्फ मारत बसा, इंजिनाला डिझेलच जात नाही. कुठे बसवलं ते पुनाने कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, मायला नाही. नवलने विचारलं तर म्हणाला, "एकवेळ चोराला सांगेन, तुला नाही." आणि गाडी लावायची रीत ठरलेली. हँडब्रेक, पहिला गिअर, पुढची चाकं भिंतीकडे वळवलेली, मागच्या चाकाखाली दगड. चावी घरात, दाराआडच्या खुटीवर. नवलला लागली तर मागायची, बटण पुना स्वतः दाबून द्यायचा, कोणी बघत नसताना.

नवलला ते फार लागलं होतं. चारचौघांत हसायचा, पण आतून जळायचा. आणि पुना अमळनेरच्या बाजारात छातीत कळ येऊन बसल्या जागी गेला. बटण त्याच्याबरोबर गेलं, आणि गाडी वायरमनची वाट बघत दारात पडून राहिली.

असो. चंपाषष्ठीची रात्र. चंद्र लवकर मावळला. साडेबाराला कोकिळा उठून बसली आणि "माय वं!" म्हणून ओरडली. आठवा महिना होता तिला, पुनाचं पोर पोटात. मायने दिवा लावला. गोधडी भिजलेली... रक्ताने.

नवलने अँबुलन्सला फोन लावला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, यायला दोन तास. गावातल्या दोन जीपा वऱ्हाड घेऊन नंदुरबारकडे. मोटारसायकलवर अशा बाईला बसवणार कसं? राहिली दारातली पिकअप. डिझेल होतं, बॅटरी ताजी होती. सगळं होतं आणि काहीच नव्हतं.

हौद्यात गाद्या टाकल्या. कोकिळाला उचलून निजवलं, माय तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नवलने खुटीवरची चावी ओढली, दगड काढला, गाडीत बसला. क्लच दाबला, न्यूट्रल पाहिला, डॅशबोर्डवरचा हिटरचा दिवा विझू दिला. चावी मारली. घर्रर्र... घर्रर्र... पकडेना. पुन्हा मारली. पुन्हा. प्रत्येक वेळी घरघर थोडी बारीक होत चालली. बॅटरी उतरली म्हणजे संपलंच, हे त्याला कळत होतं, आणि हात थांबत नव्हता.

त्याची बायको हेमांगी मोबाईलचा उजेड धरून उभी होती. त्याने सीटखाली पाहिलं, मॅटखाली पाहिलं, फ्यूजचं झाकण उपटलं. कुठे काही नाही. मागून माय ओरडत होती, "नवल, लवकर कर रे! पोरगी गार पडी ऱ्हायनी!" कोकिळा आधी कण्हत होती. मग कण्हणंही थांबलं.

"पाणी आण," तो हेमांगीला म्हणाला. ती आत पळाली. उजेडही तिच्याबरोबर गेला.

नवल खाली वाकला. स्टिअरिंगच्या मागे, डॅशबोर्डच्या पोटात, उजवा हात कोपरापर्यंत घातला. वायरीच वायरी. धूळ. त्याला रडूच फुटलं. तिथे, अंधारात, वाकलेला असतानाच तो बोलला. "भाऊ, मी चोर नाही रे. तुझंच पोर आहे. सांग ना रे, भाऊ..."

मागे मायचा आवाज बंद झाला.

रातकिडेही बंद.

तंबाखूचा वास आला. ओल्या चुन्याचा.

आणि आत... वायरींच्या आत... त्याच्या हातावर एक हात आला.

गार. कोरडा. त्याने हात ओढला. निघेना. त्या हाताने मनगट नीट धरलं. एक एक बोट लागत होतं. अंगठा. मधलं. अनामिका. करंगळी. आणि पहिलं बोट... अर्धंच.

त्या हाताने त्याचं बोट धरलं. वर नेलं. अजून आत. पत्र्याच्या मागे, जिथे माणसाचा हात वळत नाही, तिथे वळवलं.

टक्.

मनगट सुटलं. नवलने डाव्या हाताने कशीबशी चावी मारली. पहिल्याच झटक्याला गाडी चालू.

डावीकडच्या सीटकडे त्याने पाहिलं नाही. नंतर मला म्हणाला, "नाना, मान वळवली असती तर गाडी सोडून पळालो असतो. आणि वहिनी मागे होती." त्याने क्लच दाबला. गिअरवर हात ठेवला... आणि त्याच्या हातावर तो हात पुन्हा आला. हलका. पूर्वीसारखा.

धरणगाव मागे पडलं, पाळधी मागे पडली. प्रत्येक गिअरला आधी पाय, मागून तो हात. नवलला वाटे, आपण चालवत नाही, आपल्याला चालवतायत. हात काढायची सोय नव्हती. थांबायची सोय नव्हती. गिरणेच्या पुलावर त्याने फक्त एवढंच विचारलं, "जगेल ना, भाऊ?"

नुसता तंबाखूचा वास होता. तोही पूल संपेपर्यंत.

जळगावात दवाखान्याच्या फाटकाशी गाडी उभी केली आणि... काय केलं असेल त्याने? बरोबर. बंद केली तर पुन्हा चालू होईल याचा भरवसा नाही. इंजिन चालू, चावी तशीच, दार सताड उघडं. वहिनीला उचललं आणि आत पळाला.

पहाटे नर्स बाहेर आली. मुलगी. ओंजळभर, काचेच्या पेटीत ठेवलेली, पण रडत होती. कोकिळाही वाचली होती. माय भिंतीला टेकून मोठ्याने रडली. नवलही रडला. रडता रडता त्याला आठवलं... गाडी.

पळत फाटकाशी आला. इंजिनाचा आवाज नाही. फाटकासमोर गाडी नाही. पुन्हा तेच. त्याच हाताने, तीच चूक. आता भावाला काय तोंड दाखवू, असंच आलं त्याच्या मनात. मेलेल्या भावाला.

मग पलीकडे भिंतीच्या कडेला पिकअप दिसली.

काचा वर. दारं लॉक. पुढची चाकं भिंतीकडे वळवलेली. मागच्या चाकाखाली दगड. काचेतून वाकून पाहिलं, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला. चावी नाही. वॉचमनला विचारलं, तो म्हणाला, मी तर इथेच होतो, कोणी आलं नाही.

नवलने सगळे खिसे उलटे केले. मग घरी फोन लावला. हेमांगी जागीच होती. मुलगी झाल्याचं सांगितलं, तिने देवाला हात जोडले असतील. मग म्हणाला, "चावी हरवली इथे. खुटीवर बघ बरं, जुनी एखादी आहे का."

ती उठून गेल्याचा आवाज आला.

"हेमांगी?"

"चावी त आठेच शे," ती म्हणाली. "खुटीवर. गाडीनीच शे. तुम्ही चावीबिगर गाडी कशी लई गयात?"

नवलने भिंतीकडेच्या गाडीकडे पाहिलं.

"आन् अहो..." तिचा आवाज बारीक झाला. "घरमा मी एकलीच शे. वारा नही, काही नही... चावी हाली ऱ्हायनी."