दाराच्या आतून लावलेला कागद

यातलं काहीच ऐकीव नाही. सगळं माझ्यासमोर, दिवसाढवळ्या घडलंय. पुरावा म्हणून माझ्याकडे एक वही आहे, आणि वहीत आईच्या वजनाचे आकडे.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता.

आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, अकरा वाजता डायलिसिस. शरीरातलं साचलेलं पाणी मशीन काढतं. मधल्या दोन दिवसांत ते पुन्हा साचतं, म्हणून तिला दिवसाला फक्त सातशे मिलिलिटर पाणी. मी मोजपात्रातून देते.

"तुरुंगात यापेक्षा जास्त देत असतील," आई म्हणते.

"तुरुंगात तुझ्यासारखे नखरे नाही चालत," मी म्हणते.

तिला नेण्या-आणण्यासाठी मी एक जुनी गाडी घेतली. आई मागे डावीकडे बसायची. महिनाभरात लक्षात आलं... तिच्या पायाखालचं मॅट ओलं असतं.

पाऊस तीन महिने पडला नव्हता. गाडी धुतलेलीही नव्हती.

बाकी तिन्ही बाजू कोरड्या ठाक.

एका बुधवारी आईला घरी सोडून मी गाडी गॅरेजात नेली. दुपारचे चार वाजले होते. मिस्त्री साठीचे, फक्त दारांचं आणि काचांचं काम करणारे. ते म्हणाले, "कागद फाटला असणार, ताई."

काचेवरचं पाणी फटीतून दाराच्या पोकळीत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. ते गाडीत येऊ नये म्हणून आतल्या पत्र्यावर, पॅनेलच्या मागे, प्लास्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो. काळ्या, कधीच न वाळणाऱ्या गोंदाने. त्याची खालची कड दाराच्या आत खोचायची असते, म्हणजे ओघळ पुन्हा आतच जातो.

मिस्त्रींनी पॅनेल काढलं. स्पीकर काढून बाकावर ठेवला. मग हसले.

"थंडी वाजत होती की काय दाराला! एकावर एक तीन स्वेटर घातलेत."

खरंच, तीन कागद होते. आधीच्या कारागिरांनी जुना न काढता त्यावरच नवा लावला होता. मिस्त्रींनी तिन्ही सोलले. मग पत्र्याच्या मोठ्या भोकातून आत बॅटरी मारली...

आणि हसणं थांबलं.

आत चौथा कागद होता.

पत्र्याच्या पलीकडच्या अंगाला. पोकळीच्या बाजूने.

"हा आतून लावलाय," ते म्हणाले.

"आतून कसा लावता येईल?"

"नाहीच येत. हात वळत नाही तिथे." त्यांनी बॅटरी खाली नेली. "आणि कड बघा. आत खोचायची, तर ती आपल्याकडे काढलीय. ताई, हा कागद दारातलं पाणी अडवायला नाही लावलेला."

"मग?"

"आपल्याकडचं पाणी दारात जाऊ नये म्हणून लावलाय."

गोंदावर अंगठ्याचे खळगे होते. दर दोन बोटांवर एक. चारही कडांना, एकही न चुकता. घाईत नव्हे, अगदी जीव लावून दाबलेले.

मिस्त्री बॅटरी विझवून म्हणाले, "माझं ऐका. हा राहू द्या. आधीच्या तिघांनी उगाच नाही झाकला."

पण मला गळतीचं कारण सापडलं होतं. कड बाहेर आहे, म्हणून पाणी गाडीत येतंय. साधी गोष्ट. मी म्हटलं, "काढा. पत्रा स्वच्छ करा आणि एकच नवा नीट लावा."

त्यांनी गरम हवा मारत तो कागद हळूहळू सोडवला. शेवटचा कोपरा सुटताना दारातून आवाज आला...

कोणीतरी दचकून श्वास आत ओढावा, तसा.

"हवा अडकली असेल," मी म्हटलं. मिस्त्रींनी कागद गुंडाळून बाजूला ठेवला.

शुक्रवारी मॅट कोरडं होतं. मी खुशीत होते. सिग्नलला थांबलो, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"घोट्यापर्यंत."

"काय घोट्यापर्यंत?"

"तुला नाही गं. तो विचारतोय ना, पाणी किती वर आलं."

"कोण तो?"

आईने दाराकडे मान केली. मला वाटलं होतं, ती फोनवर कोणाशी बोलतेय.

त्या दिवशी तिचं वजन दोन किलो सहाशे वाढलेलं होतं. एरवी दीड वाढतं. सोमवारी आई दाराला म्हणाली, "नडगीपर्यंत." वजन तीन किलो चारशे. बुधवारी, "गुडघ्यापर्यंत." चार किलो शंभर.

"आजी, चोरून पाणी पिताय का?" नर्स रागावली.

"या बाईच्या राज्यात?" आईने माझ्याकडे बोट दाखवलं. ती हसत होती, पण तिला धाप लागली होती.

आई दोन दिवसांत दीड लिटरही प्यायली नव्हती. वहीत लिहिलेलं आहे. चार किलो पाणी आलं कुठून?

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "असंच वाढलं तर छातीत पाणी भरेल. एखाद्या वेळी आमच्या हातात काही राहणार नाही."

मी गुरुवारी आईला मुद्दाम टॅक्सीने फिरवून आणलं, गाडीपासून लांब ठेवून फरक पडतो का बघायला. घरच्या गाडीला हात लावला नाही. संध्याकाळी तिचे पाय चेपायला बसले. सुजलेल्या पायावर बोट दाबलं की खळगा राहतो, हे मला माहीत होतं. मी अजून दाबलं नव्हतं...

तिच्या नडगीवर खळगे होते.

दर दोन बोटांवर एक. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत.

शुक्रवारी डायलिसिस आटोपल्यावर मी आईला घेऊन थेट गॅरेज गाठलं. मला काही बोलावंच लागलं नाही. मिस्त्रींनी माळ्यावरून कागदाची गुंडाळी काढली. "फेकायला मन झालं नाही, ताई."

आईला खुर्चीवर बसवलं. मिस्त्रींनी पॅनेल, स्पीकर, नवा कागद, सगळं काढलं. जुना कागद भोकातून आत सरकवला आणि वरची कड कशीबशी चिकटवली. खालपर्यंत हात पोहोचेना. कोपर खरचटलं. कागद सुरकुतून लोंबत राहिला.

"नाही जमत," ते म्हणाले आणि हात बाहेर काढला.

तेव्हा कागद हलला.

सुरकुत्या एकेक करून नाहीशा झाल्या. कागद ताठ झाला... आतून कोणी ओढून धरल्यासारखा.

टप्.

थोडं थांबून, दोन बोटं पुढे... टप्.

टप्.

मिस्त्रींचे दोन्ही हात माझ्यासमोर होते, काळ्या गोंदाने माखलेले. आवाज कडेकडेने खाली गेला, तळ ओलांडून दुसऱ्या बाजूने वर येऊ लागला. शेवटचा कोपरा राहिला.

आवाज थांबला.

स्पीकर बाकावर पडला होता. त्याच्या रिकाम्या भोकातून, अगदी सभ्यपणे, दमलेल्या माणसाच्या आवाजात कोणीतरी विचारलं,

"पाणी किती वर आलंय?"

या वेळी आम्ही तिघांनीही ऐकलं.

आई खुर्चीतून पुढे झुकली. नुकतंच मशीनने तिचं सगळं पाणी काढलं होतं. तिचा चेहरा मायेने भरून आला होता. "अरे बाळा, आता ओसरलं..."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. स्वतःच्या आईच्या तोंडावर.

आणि म्हणाले, "डोक्यावरून गेलंय. बाहेर येऊ नका."



मग... टप्.

सोमवारी आईचं वजन एक किलो चारशेच वाढलं होतं. डॉक्टर खूश झाले. पायावर एकही खळगा नव्हता. मॅट पुन्हा ओलं व्हायला लागलं. मी तिथे जाड टॉवेल अंथरते.

याला आता सात महिने झाले. गाडी विकून टाका, असं तुम्ही म्हणाल. कोणाला विकू? त्याच्याही घरचं कोणीतरी त्या सीटवर बसेल.

आता आवाज मला विचारतो. बहुतेक सिग्नलला. मी समोर बघत उत्तर देते, "डोक्यावरून." आई त्या दिवशी जेवेपर्यंत माझ्याशी बोलत नाही.

काल रविवारी आम्ही दोघी गाडीत बसलो होतो. औषधं घेऊन परत निघालो होतो. आई म्हणाली, "मला जगवायला खोटं बोलतेस, कळतं मला. पण किती घाबरून बसलाय गं तो आत. मी गेल्यावर तरी खरं सांगशील ना त्याला?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "हो, सांगेन."

बोलून गेल्यावर लक्षात आलं, की गाडी सिग्नलला उभी आहे.

या वेळी आतून कोणी काही विचारलं नाही.

ते ऐकत होतं.

मग डाव्या दारात, खूप सावकाश... गोंद सुटायला लागल्याचा आवाज आला.

आज सोमवार. पहाटे आई आडवी होऊन झोपू शकली नाही, उशीला टेकून बसली आहे. मी तिच्या पायांवरचं पांघरूण अजून काढलेलं नाही. मिस्त्रींचा फोन लागत नाही.

अकराला निघायचंय.