वर्गातली दांडी

हसायचं असेल तर आताच हसून घ्या. ही गोष्ट कुणा तिऱ्हाइताची नाही, माझ्या सख्ख्या मेहुण्याची आहे.

तो विद्यापीठात यंत्रं सांभाळतो. तिथला एक मुलगा अंथरुणाला खिळलेला, घरूनच शिकायचा. त्याच्यासाठी चाकांवर उभी एक दांडी होती, वर स्क्रीन. पोरगा घरून लॅपटॉपवर ती चालवत वर्गात आणायचा, स्क्रीनवर त्याचा चेहरा दिसायचा. पोरं तिला दांडीच म्हणायची. बाकीचे वर्गाला दांडी मारायचे, आणि ही दांडी एकही तास चुकवायची नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत मुलगा गेला. मेहुण्याला सांगितलं, यंत्र उचलून स्टोअरमध्ये ठेव. त्याला नको वाटत होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत शेवटच्या रविवारी रात्री पावणेदहाला एकदाचा गेला. कुलूप काढलं, मोबाईलच्या उजेडात आत शिरला. दांडी तिसऱ्या रांगेपाशी उभी. स्क्रीन चालू.

स्क्रीनवर मुलाची आई. रडत नव्हती. नुसती बसली होती.

“ताई, यंत्र न्यायला आलोय.”

“न्या. पण भाऊ, आधी त्याला उठवा.”

“कुणाला?”

“तुमच्या शेजारी बसलाय. रोज बघते मी इथून. घरी येतच नाही... माझं कुठे ऐकतो तो. तिथल्या कुणीतरी सांगायला हवं.”

मेहुण्याने वळून पाहिलं. खुर्ची रिकामी. पण बसायची फळी खाली होती. त्या खुर्च्यांची फळी माणूस उठला की आपोआप वर जाते.

घाबरलास का, असं मी विचारलं होतं. म्हणाला, भीतीसुद्धा वाटली नाही. सगळं अंग बधिर. तोंड आपलंआपण बोललं.

“तास संपला, बाळा. घरी जा.”

...

खट्.

फळी वर गेली.

मग काही नाही. तो उभा. ती बसलेली.

बऱ्याच वेळाने स्क्रीनमधून दाराची बेल ऐकू आली.

“आले रे,” आई म्हणाली. उठली. दिसेनाशी झाली.

मेहुण्याने यंत्र बंद केलं, दिवा लावला. सुट्टीत कुणी झाडलं नव्हतं, फरशीवर धूळ होती. धुळीत त्याच्या बुटांचे ठसे, दारातून आत आलेले.

आणि तिसऱ्या रांगेपासून दारापर्यंत अनवाणी पावलं.

फक्त जाणारी. येणारं एकही नव्हतं.