पडवीतला पंखा

ही घटना शंभर टक्के खरी आहे. केंदूरच्या मच्छिंद्रआप्पांच्या घरी घडली, आणि तीही रात्री नाही. गेल्या चैत्रात, भर दुपारी, आमरसाचं जेवण झाल्यावर. भुतांनाही हल्ली वेळेचं भान राहिलेलं नाही.

रस्त्यात जमीन गेली तेव्हा आप्पांनी जर्मन गाडी घेतली. लग्नात आणि निवडणुकीतच ती बाहेर पडायची. एरवी पडवीला लागून झाकून उभी. उभ्या उभ्या बॅटरी उतरायची, म्हणून शोरूमवाल्याने मेंटेनर दिला. "कायम लावून ठेवा. हिरवा दिवा दिसला की बॅटरी फुल्ल."

पडवीत प्लग एकच.

त्यात आईचा टेबलफॅन होता.

आप्पांनी पंख्याची पिन काढली. "आये, दोनच दिवस. वायरमन दुसरा प्लग काढून देईल."

खाटेवरून दगडाबाई म्हणाल्या, "राहू दे, बाबा. गाडीला गरम होत आसंल."

वायरमनला सांगायचं राहून गेलं. वैशाखात म्हातारी पदराने वारा घेत घेत गेली. "वय झालं होतं," आप्पांनी सगळ्यांना सांगितलं. दहाव्याला आलेल्यांनी डोळे पुसले आणि गाडीबरोबर फोटो काढले.

वर्ष होत आलं, आणि ती दुपार आली.

मेंटेनरचा दिवा विझलेला. पिन जमिनीवर. वायर नीट गुंडाळून तिला चिंधी बांधलेली... आई पंख्याच्या वायरीला बांधायची, तशी.

"सविता, पिन कुणी काढली?"

"म्या न्हाई बा," बायको म्हणाली. मग तिने वाकून चिंधीला हात लावला. "आवं, ही चिंधी... आत्याबाईंच्या लुगड्याची हाय."

आप्पा हसले. हसत हसत पिन परत लावली.

माळ्यावरून आवाज आला...

घर्रर्र... घर्रर्र...

पंखा माळ्यावर होता. पोत्यात बांधलेला.

त्याच आठवड्यात खुटबावचे मारुतराव आले. त्यांची मुलगी आप्पांच्या इंद्रजीतला द्यायची बोलणी चालू होती. आप्पा त्यांना शेजारी बसवून गाडीने शिरूरकडे निघाले. मागच्या सीटवर कुणी नव्हतं.

टुंग... टुंग... टुंग...

पडद्यावर लाल खूण. मागची डावी सीट. पट्टा लावलेला नाही.

"मागं कोन बसलंय व्हय?" मारुतराव म्हणाले.

"कुनी न्हाई. सेन्सर येडा झालाय."

आप्पा उतरले. मागचं दार उघडून सीटवर हात ठेवला.

एसी फुल्ल होता. सीट मात्र गरम... आणि घामाने ओली.

त्यांनी रिकाम्या सीटला पट्टा लावला.

आवाज थांबला.

मारुतराव मान वळवून बघत होते. "पाव्हणं, तुमच्या मातोश्री कशानं गेल्या म्हनला व्हता?"

'वय' हा शब्द आप्पांच्या तोंडाशी आला होता.

"उकाड्यानं," ते म्हणाले. "तिचा पंखा म्या काढला."

खुटबावचा निरोप अजून यायचा आहे.

आता मेंटेनर माळ्यावर आहे आणि पंखा पडवीत. तरी बॅटरी उतरत नाही. का, ते शोरूमवाल्यालाही सांगता येत नाही.

रोज दुपारी आप्पा पंख्याचं तोंड रिकाम्या खाटेकडे करतात, बटण दाबतात आणि मान खाली घालून आत जातात.

संध्याकाळी येऊन बघावं, तर पंखा चालूच असतो...

तोंड गाडीकडे.